हिरवी खूण दिसते, शीट मात्र कोरीच!

या खेपेला वाचकांनी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांचं दुखणं एकच आहे. एनएटएन, मेक, झॅपियर अशा एखाद्या ऑटोमेशन प्लॅटफॉर्मला, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या साधनाला, बाहेरची सेवा जोडली, पहिल्या चाचणीत सगळं सुरळीत झालं आणि मग कुठेतरी माशी शिंकली. उत्तरांकडे वळण्याआधी एक विनंती. वर्कफ्लोवर (कामांच्या साखळीवर) दिसणाऱ्या एका ओळीच्या त्रुटीवर थांबू नका आणि 'झालं' म्हणणाऱ्या हिरव्या खुणेवर तर मुळीच विसंबू नका. नोड, म्हणजे त्या साखळीतली पायरी, उघडून समोरच्या सेवेनं काय परत पाठवलं ते शब्दन् शब्द वाचा. खालच्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच पडून होती.

प्रश्न : स्वतःच्या सर्व्हरवर एनएटएन चालवतो. गूगल शीट्सची जोडणी बरोबर आठवडाभर चालते आणि मग 'इन्व्हॅलिड ग्रँट' म्हणून बंद पडते. पुन्हा साइन-इन केलं की पुढचा आठवडा निभावतो. हे असं किती दिवस करायचं?

एकदाच, आणि तेही आज. 'बरोबर आठवडाभर' या दोन शब्दांत तुम्ही निदान स्वतःच करून दिलं आहे.

गूगलचं अ‍ॅक्सेस टोकन (तुमच्या वतीनं आत शिरायचा परवाना) साधारण तासभर म्हणजे ३६०० सेकंद चालतं. ते संपलं की प्लॅटफॉर्म जवळचं रिफ्रेश टोकन दाखवून नवं अ‍ॅक्सेस टोकन घेतो. हे तुमच्या नकळत दिवसातून कितीतरी वेळा होतं. पण गूगल क्लाउडमधलं तुमचं ओऑथ (पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) अ‍ॅप 'एक्स्टर्नल' प्रकारचं असेल आणि अजून 'टेस्टिंग' अवस्थेत असेल, तर त्याला मिळणारं रिफ्रेश टोकनच मुळात ७ दिवसांचं असतं. आठव्या दिवशी ते दाखवायला गेलं की 'इन्व्हॅलिड ग्रँट'.

क्लाउड कन्सोलमध्ये तुमचा प्रोजेक्ट निवडा, 'गूगल ऑथ प्लॅटफॉर्म'मध्ये 'ऑडियन्स' पान उघडा आणि 'पब्लिश अ‍ॅप' करा. पुढची पायरी बरेच जण विसरतात. एनएटएनमधल्या त्या क्रेडेन्शियलमध्ये (साठवलेल्या ओळखपत्रात) जाऊन पुन्हा साइन-इन करा. जुनं टोकन टेस्टिंगच्या काळातलं आहे, ते आपल्या मुदतीनंच मरणार. साइन-इन करताना 'गूगलनं हे अ‍ॅप तपासलेलं नाही' अशी पाटी येईल. अ‍ॅप तुमचंच आणि वापरणारेही तुम्हीच, तेव्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर टिचकी मारून पुढे जा. खातं संस्थेच्या वर्कस्पेसमधलं असेल तर त्याहून सोपं आहे : प्रकार 'इंटर्नल' ठेवा, म्हणजे सात दिवसांची अटही नाही आणि पाटीही नाही.

जोडणी आठवड्याऐवजी तासाभरातच तुटत असेल तर मामला वेगळा आहे. रिफ्रेश टोकन तुम्हाला मिळालेलंच नाही. तयार गूगल क्रेडेन्शियल न वापरता सर्वसाधारण 'ओऑथ २' क्रेडेन्शियल हातानं भरलं की हे हमखास घडतं. तिथल्या 'ऑथ यूआरआय क्वेरी पॅरामीटर्स' या रकान्यात 'अ‍ॅक्सेस टाइप'ची किंमत 'ऑफलाइन' आणि 'प्रॉम्प्ट'ची किंमत 'कन्सेंट' द्यावी लागते. यातलं दुसरं विसरलात तर ज्या खात्यानं पूर्वी एकदा परवानगी दिली आहे त्याला गूगल पुन्हा रिफ्रेश टोकन देत नाही.

टोकन मरण्याची आणखी तीन कारणं लक्षात असू द्या. सहा महिने वापर नसला तर ते जातं. जीमेलची परवानगी घेतलेली असेल आणि खात्याचा पासवर्ड बदलला तरी जातं. शिवाय एका खात्याला एका क्लायंट आयडीवर (अ‍ॅपच्या ओळखक्रमांकावर) १०० रिफ्रेश टोकनांचीच मुभा आहे. एकशेएकावं निघालं की सगळ्यात जुनं मुकाट्यानं रद्द होतं. चाचणीसाठी एकाच क्लायंट आयडीवर दर वेळी नवं क्रेडेन्शियल काढण्याची सवय असलेल्यांना हे कधीतरी भोवतं, आणि बंद पडतो तो नेमका सर्वांत जुना, रोजच्या कामाचा वर्कफ्लो.

प्रश्न : ओऑथला कंटाळून सर्व्हिस अकाउंट काढलं. आता टोकन मुदतबाह्य होत नाही, पण शीट 'सापडत नाही' किंवा '४०३' (परवानगी नाही) येतो. शीट तर माझ्याच ड्राइव्हमध्ये आहे.

तुमच्या ड्राइव्हमध्ये आहे, त्याच्या नाही. सर्व्हिस अकाउंट हा गूगलच्या लेखी वेगळाच माणूस आहे. त्याला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. कन्सोलमध्ये तो दिसेल. शीट उघडून 'शेअर'मध्ये हा पत्ता घाला आणि 'एडिटर' हक्क द्या. एवढ्यावरही ४०३ राहिला तर बॉडी, म्हणजे उत्तरातला मजकूर, वाचा. प्रोजेक्टमध्ये शीट्सचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामनं बोलायचं दार) चालू केलेला नसेल तर तसं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, चालू कुठे करायचा त्या पानाचा दुवाही दिलेला असतो.

सर्व्हिस अकाउंटला ड्राइव्हवर स्वतःची साठवणूक नसते, हेही ध्यानात घ्या. आहे त्या शीटमध्ये ओळी लिहिणं जमतं, पण नवी फाइल चढवायला गेलात की कोटा संपल्याची तक्रार येते. फाइली चढवायच्या असतील तर वर्कस्पेसमधला शेअर्ड ड्राइव्ह तरी हवा किंवा पुन्हा ओऑथकडे तरी वळा. खासगी जीमेलच्या पेटीत तर सर्व्हिस अकाउंटला शिरताच येत नाही. त्यासाठी वेळ घालवू नका.

प्रश्न : साइन-इनच्या आधीच 'रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच' येतं. पत्ता मी नीट उतरवून घेतला आहे.

उतरवून घेऊ नका, कॉपी करा. साइन-इननंतर परत यायचा पत्ता आणि समोरच्या सेवेत नोंदवलेला पत्ता यांची तुलना अक्षराला अक्षर लावून होते. 'एचटीटीपी' आणि 'एचटीटीपीएस', शेवटची तिरपी रेघ, पोर्टचा आकडा, कुठलाही फरक चालत नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर मात्र कॉपी केलेला पत्ताच चुकीचा असू शकतो. क्रेडेन्शियलच्या खिडकीत दाखवलेल्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' आणि ५६७८ (एनएटएनचं मूळ पोर्ट) दिसत असेल, तर समोर रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आत पोहोचवणारा मधला सर्व्हर) आहे आणि बाहेरून आपण कोणत्या नावानं ओळखले जातो हे एनएटएनला कुणी सांगितलेलंच नाही. 'वेबहुक यूआरएल' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर, सगळी अक्षरं कॅपिटल) पूर्ण सार्वजनिक पत्ता द्या, एकच प्रॉक्सी असेल तर 'प्रॉक्सी हॉप्स'ची किंमत १ करा, एनएटएन ज्यात चालतं तो कंटेनर पुन्हा सुरू करा आणि मगच नवा पत्ता समोरच्या सेवेत चिकटवा. वेबहुकच्या, म्हणजे काही घडलं की समोरची सेवा ज्यावर निरोप धाडते त्या, पत्त्यांचं दुखणंही याच औषधानं जातं.

प्रश्न : टेलिग्राम बॉट चाचणीत छान उत्तरं देतो. वर्कफ्लो सक्रिय केला तरी चालतो. पण नंतर एखादी दुरुस्ती करून पुन्हा चाचणी घेतली की चालू असलेला बॉट मुका होतो. प्लॅटफॉर्मचा दोष आहे का?

दोष कुणाचाच नाही, नियम टेलिग्रामचा आहे. एका बॉटला एका वेळी एकच वेबहुक. नवा पत्ता नोंदवला की जुना आपोआप पुसला जातो.

एनएटएनमध्ये प्रत्येक वेबहुकला दोन पत्ते असतात, एक चाचणीचा आणि एक प्रत्यक्ष कामाचा. वर्कफ्लो सक्रिय करता तेव्हा टेलिग्रामकडे कामाचा पत्ता नोंदला जातो. मग तुम्ही संपादकात बसून चाचणी सुरू करता. त्या क्षणी टेलिग्रामकडे चाचणीचा पत्ता जातो आणि कामाचा उडतो. चाचणीचा पत्ता काही वेळच ऐकतो (साध्या वेबहुक नोडमध्ये १२० सेकंद) आणि मग कान बंद करतो. बॉटला आलेले निरोप आता कुठेच जात नाहीत. यादीत वर्कफ्लो 'सक्रिय'च दिसतो, म्हणून शंकाही येत नाही.

तात्पुरता इलाज म्हणजे वर्कफ्लो निष्क्रिय करून पुन्हा सक्रिय करा, कामाचा पत्ता परत नोंदला जाईल. कायमचा इलाज हवा तर बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून दुसरा बॉट घ्या, त्याचं टोकन वेगळ्या क्रेडेन्शियलमध्ये ठेवा आणि चाचण्या फक्त त्याच्यावर करा. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, तरी लोक टाळतात.

टेलिग्रामकडे नेमकं काय नोंदलेलं आहे ते विचारायलाही सोय आहे. 'गेट-वेबहुक-इन्फो' ही पद्धत टोकनासह ब्राउझरमध्ये मारून पाहा. सध्याचा पत्ता, तुंबलेल्या निरोपांची संख्या आणि शेवटची त्रुटी असं सगळं एका ओळीत मिळतं. न पोहोचलेले निरोप टेलिग्राम २४ तास धरून ठेवतो, तेव्हा रात्री मुका झालेला बॉट सकाळी दुरुस्त केलात तर बहुतेक काही हरवत नाही. पण दुरुस्त होताच सगळे निरोप एकदम अंगावर येतील, त्याची तयारी ठेवा.

याच प्रकारातले दोन छोटे अडथळे. टेलिग्राम फक्त ४४३, ८०, ८८ आणि ८४४३ याच पोर्टवर येतो, त्यामुळे ५६७८ वर थेट बोलावलंत तर तो येणार नाही. आणि '४०९' (टक्कर झाल्याची त्रुटी) आला तर तोच बॉट दुसरीकडे कुठेतरी 'गेट-अपडेट्स'नं चौकशी करतोय असं समजा. वेबहुक आणि चौकशी दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

प्रश्न : पेमेंट आलं की वेबहुक येतो, आम्ही पावती तयार करून ईमेल करतो आणि शीटमध्ये ओळ टाकतो. अधूनमधून एकाच पेमेंटच्या दोन ओळी पडतात, ग्राहकाला दोन पावत्या जातात. पेमेंट सेवेकडे तक्रार करावी का?

तक्रार करून उपयोग होणार नाही, कारण ती सेवा सांगितल्याप्रमाणेच वागते आहे. वेबहुकचा करार 'निदान एकदा' असा असतो. 'एकदाच' असं वचन कुणी देत नाही.

होतं असं. सेवा तुमच्या पत्त्यावर निरोप टाकते आणि '२००' ('मिळालं' असं उत्तर) येण्याची वाट पाहते. तुमचा वर्कफ्लो आधी पीडीएफ बनवतो, मग ईमेल पाठवतो, मग शीटमध्ये लिहितो आणि सगळं संपल्यावर उत्तर देतो. तोवर समोरच्याचा धीर सुटलेला असतो. स्लॅकच्या इव्हेंट्सना ३ सेकंदांत उत्तर लागतं, गिटहबला १० सेकंदांत. वेळ उलटली की प्रयत्न फसला अशी नोंद होते. पुढे काय करायचं हे प्रत्येकाचं वेगळं. स्लॅक तीनदा पुन्हा पाठवतो. स्ट्राइप खऱ्या व्यवहारांच्या बाबतीत अंतर वाढवत वाढवत तीन दिवसांपर्यंत पाठवत राहतो. गिटहब आपण होऊन पुन्हा पाठवतच नाही, तुम्हालाच डिलिव्हरीच्या यादीत जाऊन 'रीडिलिव्हर' दाबावं लागतं. म्हणून 'दोनदा आलं' आणि 'आलंच नाही' ही दोन्ही गाऱ्हाणी पुष्कळदा एकाच मुळाची असतात : उत्तर द्यायला उशीर.

म्हणून पहिलं काम, उत्तर ताबडतोब द्या. एनएटएनच्या वेबहुक नोडमध्ये 'रिस्पॉन्ड'चा पर्याय 'इमिजिएटली' ठेवा. पावती, ईमेल वगैरे सगळं त्यानंतर. मेकमध्ये साध्या वेबहुकला आपोआपच लगेच 'अ‍ॅक्सेप्टेड' असं उत्तर जातं. शेवटी वेगळं उत्तर देणारं मॉड्यूल तुम्ही जोडलं असेल तरच वाट पाहणं सुरू होतं, तेव्हा ते खरंच हवं आहे का ते बघा.

एवढ्यानं दुबार निरोप कमी होतील, थांबणार नाहीत. दुसरं काम म्हणजे आलेला निरोप ओळखणं. प्रत्येक चांगली सेवा इव्हेंटला स्वतःचा आयडी देते आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवते. तो आयडी साठवा. आधीच साठवलेला असेल तर तिथेच थांबा.

आता इथे बहुतेक जण शीटमध्येच 'हा आयडी आहे का' असं शोधतात आणि नसेल तर ओळ टाकतात. हे पुरेसं नाही, आणि का ते पाहण्यासारखं आहे. समजा दोन प्रती २०० मिलिसेकंदांच्या अंतरानं आल्या. पहिली शीटमध्ये शोधते, आयडी नाही. ती लिहायला निघेपर्यंत दुसरीनंही शोधलं, तिलाही आयडी नाही. दोघींनी ओळ टाकली. शोधणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या क्रिया असेपर्यंत मधली फट बुजत नाही. म्हणून हे काम डेटाबेसला द्या. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक लहानसा तक्ता पुरतो, त्यात आयडीच्या रकान्यावर 'युनिक' (एक किंमत एकदाच) बंधन घाला. वर्कफ्लोच्या सुरुवातीलाच त्यात ओळ घालायचा प्रयत्न करा, 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (आधीच असेल तर काही करू नको) लावून. एक ओळ पडली तर पुढे जा, शून्य पडल्या तर निरोप जुना आहे. डेटाबेस दोघींपैकी एकीलाच आत घेतो. एनएटएनमधला 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' नोडही पूर्वीच्या फेऱ्यांतलं लक्षात ठेवू शकतो, आणि हलक्याफुलक्या कामांना तो चालेल. पैशांच्या कामाला आम्ही तक्ताच सुचवू.

एक तडजोड मात्र डोळे उघडे ठेवून करा. आयडी आधीच लिहून टाकला आणि पुढे ईमेल फसला, तर दुसरी प्रत आली तरी ती 'जुनी' म्हणून परत जाईल आणि पावती कधीच जाणार नाही. त्यासाठी तक्त्यात 'स्थिती' असा आणखी एक रकाना ठेवा : सुरू, झालं, फसलं. फसलेल्या ओळी दर पंधरा मिनिटांनी उचलणारा वेगळा वर्कफ्लो लावा. 'सुरू'वरच अडकून राहिलेल्या ओळीही त्यानं पाहायला हव्यात, कारण सर्व्हर मध्येच बंद पडला तर 'फसलं' असं लिहायला कुणी उरत नाही.

दुबारपणाचं दुसरं दार तुमच्याकडूनच उघडतं. नोडवर 'रिट्राय ऑन फेल' (फसलं की पुन्हा प्रयत्न) चालू असतो. तुम्ही पैसे परत करण्याची रिक्वेस्ट पाठवता, समोर ती पूर्ण होते, पण उत्तर वाटेत अडकतं. नोडला वाटतं फसलं, तो पुन्हा पाठवतो आणि पैसे दोनदा परत. यावर आयडेम्पोटन्सी की हा उतारा आहे. रिक्वेस्टसोबत हेडरमध्ये एक खूण पाठवायची. त्याच खुणेनं रिक्वेस्ट पुन्हा आली तर सेवा नवं काही न करता आधीचंच उत्तर परत देते. स्ट्राइप ही खूण निदान २४ तास लक्षात ठेवतो. खूण दर प्रयत्नाला यादृच्छिक बनवलीत तर सगळंच मुसळ केरात. ऑर्डर क्रमांक आणि क्रियेचं नाव जोडून बनवा, म्हणजे कितीही वेळा पाठवलं तरी तीच राहील.

प्रश्न : वेबहुक खऱ्या सेवेकडूनच आला का हे पाहायला त्याची सही पडताळतो. सीक्रेट बरोबर आहे, एचमॅक एसएचए-२५६ (सीक्रेट वापरून सही काढायची पद्धत) आहे, तरी सही कधीच जुळत नाही.

बहुधा तुम्ही जेसन (डेटा लिहिण्याचा मजकुरी साचा) उलगडून पुन्हा गुंडाळून त्यावर सही काढताय. सही असते ती वायरवरून आलेल्या बाइट्सवर. मूळ बॉडीत रक्कम ५००.० अशी आहे आणि विसर्गचिन्हापुढे (:) एक मोकळी जागा आहे असं धरा. जावास्क्रिप्टनं ते वाचून परत लिहिलं की रक्कम ५०० होते आणि मोकळी जागा उडते. अर्थ तोच, बाइट वेगळे, म्हणून सहीही वेगळी. वेबहुक नोडच्या पर्यायांत 'रॉ बॉडी' चालू करा आणि हिशेब त्यावर करा.

मग सही नेमकी कशावर आहे ते त्या सेवेच्या कागदपत्रांत पाहा, कारण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. गिटहब फक्त बॉडीवर काढतो आणि हेक्सच्या आधी 'एसएचए२५६' व बरोबरचं चिन्ह लावतो. स्ट्राइप टाइमस्टँप, पूर्णविराम आणि बॉडी असं जोडतो. स्लॅक 'व्ही०', टाइमस्टँप आणि बॉडी यांच्यामध्ये विसर्गचिन्हं टाकतो. शॉपिफाय हेक्सऐवजी बेस६४ या दुसऱ्या लेखनपद्धतीत देतो. टाइमस्टँप पाच मिनिटांहून जुना असेल तर नाकारावा असा स्लॅकचा सल्ला आहे, स्ट्राइपच्या लायब्ररीतही मूळची सवलत तेवढीच. सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे असेल तर बरोबर सहीही इथे मार खाते.

सीक्रेट 'बरोबर आहे' म्हणता, तरी कुठल्या पानावरून घेतलं ते एकदा पाहाच. स्ट्राइपच्या कमांडलाइन साधनानं दिलेलं आणि डॅशबोर्डवरच्या एंडपॉइंटचं अशी दोन वेगळी असतात.

प्रश्न : एचटीटीपी नोडनं स्लॅकला मेसेज पाठवतो. उत्तर २००, नोड हिरवा, चॅनलमध्ये मात्र काही नाही.

बॉडी वाचा. स्लॅकचा एपीआय बऱ्याचशा चुकांनाही २०० देतो, आत 'ओके'ची किंमत 'फॉल्स' असते आणि शेजारी कारण. 'नॉट इन चॅनल' असेल तर त्या चॅनलमध्ये बॉटला 'इन्व्हाइट' करा. 'मिसिंग स्कोप' असेल तर अ‍ॅपला ती परवानगी द्या आणि वर्कस्पेसमध्ये अ‍ॅप पुन्हा बसवा. नुसती परवानगी वाढवून जुन्या टोकनाला ती लागू होत नाही. 'चॅनल नॉट फाउंड' असेल तर नावाऐवजी चॅनलचा आयडी द्या. ग्राफक्यूएल पद्धतीच्या एपीआयचंही असंच, २०० च्या पोटात 'एरर्स'ची यादी. अशा नोडनंतर 'इफ' लावून ती किंमत तपासा आणि खोटी निघाली तर 'स्टॉप अँड एरर'नं वर्कफ्लो मुद्दाम पाडा. लाल खूण मुद्दाम मिळवावी लागते, हे विचित्र आहे खरं.

प्रश्न : दोन हजार नोंदी एअरटेबलमध्ये टाकायच्या आहेत, थोड्या गेल्या की '४२९' (फार वेगानं मागणी) येतो. नोशनमध्येही तेच. रिट्राय वाढवून पाहिला.

रिट्राय वाढवला की गर्दी वाढते. त्याऐवजी आधी हिशेब करा. एअरटेबल एका बेसवर (तक्त्यांच्या संचावर) सेकंदाला ५ रिक्वेस्ट घेतो, पण एका रिक्वेस्टमध्ये १० नोंदी मावतात. म्हणजे दोन हजारांना २०० रिक्वेस्ट, पूर्ण वेगानं ४० सेकंद. तुम्ही एकेक नोंद पाठवताय, म्हणून दहापट वेळ आणि दहापट रिक्वेस्ट. आधी दहा-दहाचे गठ्ठे करा. एचटीटीपी नोडमध्ये 'बॅचिंग' आहे, तिथे एका वेळी एक गठ्ठा आणि मध्ये २५० मिलिसेकंद ठेवा. काठोकाठ २०० मिलिसेकंद ठेवू नका, त्याच बेसवर दुसरा वर्कफ्लो चालू असला तर तोही याच पाचात वाटेकरी आहे. मर्यादा ओलांडलीच तर ३० सेकंद थांबल्याशिवाय तो पुढची रिक्वेस्ट घेत नाही, म्हणून एक सेकंदाच्या अंतराचे पाच रिट्राय वाया जातात.

नोशन सरासरी सेकंदाला ३ रिक्वेस्ट घेतो आणि नवं पान एका वेळी एकच. दोन हजारांना अकरा मिनिटांहून जास्त लागणार. ४०० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा आणि काम रात्री लावा. ४२९ सोबत 'रिट्राय आफ्टर' हेडर आला तर त्यातला आकडा पाळा.

आणि नोशनमध्ये ४२९ ऐवजी '४०४' (सापडत नाही) दिसला, पान डोळ्यांसमोर असूनही, तर पानाच्या मेनूतल्या 'कनेक्शन्स'मध्ये तुमचं इंटिग्रेशन जोडलेलं नाही. उलट दिशेनं वाचताना दोन्हीकडे एका वेळी शंभरच नोंदी येतात. पुढच्या मागायला एअरटेबल 'ऑफसेट' देतो, नोशन 'नेक्स्ट कर्सर'. 'डेटा बरोबर शंभरावर थांबतो' असं दिसलं की पेजिनेशन (पुढची पानं मागणं) राहिलंय.

प्रश्न : मोठे आयडी शीटमध्ये चुकीचे उमटतात. शेवटचा आकडा बदलतो किंवा शून्यं येतात.

जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीनं नेमके राहतात. त्याच्याच पुढचा, शेवटी ९९३ असलेला आयडी ९९२ होऊन बसतो. शीट तर पंधरा अंकांनंतर शून्यंच भरते. समोरची सेवा आयडी मजकूर म्हणूनही देत असेल तर तो रकाना घ्या. देत नसेल तर एचटीटीपी नोडला उत्तर जेसन न समजता 'टेक्स्ट' म्हणून घ्यायला सांगा आणि आकडा मजकुरातूनच काढा, कारण एकदा जेसन उलगडलं की हरवलेला अंक परत येत नाही. शीटमध्ये लिहितानाही 'रॉ' पर्याय ठेवा. 'यूझर एंटर्ड' ठेवलात तर शीट त्याला संख्या समजून पुन्हा कापेल, आणि सुरुवातीची शून्यंही गिळेल.

प्रश्न : रोज सकाळचा वर्कफ्लो भलत्याच वेळी चालतो.

स्वतः बसवलेल्या एनएटएनचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो. 'जेनेरिक टाइमझोन' व्हेरिएबल बदला, किंवा त्या वर्कफ्लोच्या सेटिंग्जमध्ये वेगळा द्या. तारखा १९७० च्या दिसत असतील तर कारण दुसरं : दहा अंकी टाइमस्टँप सेकंदांत असतो, तेरा अंकी मिलिसेकंदांत. हजारानं गुणायचं राहिलं आहे.

प्रश्न : एनएटएन नव्या सर्व्हरवर हलवलं. डेटाबेस पूर्ण आणला, वर्कफ्लो सगळे दिसतात, पण एकही क्रेडेन्शियल उघडत नाही.

क्रेडेन्शियल डेटाबेसमध्ये कुलूपबंद असतात आणि किल्ली डेटाबेसबाहेर, एनएटएनच्या होम फोल्डरमधल्या 'कॉन्फिग' नावाच्या फाइलमध्ये असते. ती आणली नाहीत, म्हणून नव्या सर्व्हरनं पहिल्यांदा सुरू होताना आपली नवी किल्ली बनवली. जुना सर्व्हर अजून पुसला नसेल तर तिथल्या फाइलमधली 'एन्क्रिप्शन की' घ्या, नव्या ठिकाणी ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून द्या, नवी कॉन्फिग फाइल बाजूला काढा आणि मगच कंटेनर सुरू करा, नाहीतर दोन किल्ल्या जुळत नाहीत म्हणून तो सुरूच होणार नाही. जुना सर्व्हर पुसून झाला असेल तर एकेका सेवेत जाऊन नवी टोकनं काढण्यावाचून गत्यंतर नाही. काढून झाल्यावर त्या सेवांमधली जुनी रद्द करा, आणि या वेळी किल्ली पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, डेटाबेसच्या बॅकअपशेजारी ठेवू नका.